घटस्फोट-खटल्यांतील भाषणनिर्बंध

घटस्फोट, न्यायिक विभक्तता, विवाह शून्य ठरविणे, दांपत्य-अधिकारांचे पुनःस्थापन किंवा अपत्यांचा ताबा यांसंबंधीच्या दाव्यांत पक्षकार, साक्षीदार, वकील व वृत्तपत्रे यांनी काय बोलावे, लिहावे वा प्रसिद्ध करावे यांवर विधीने अथवा न्यायालयाच्या आदेशाने घातलेल्या मर्यादा. या मर्यादांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार खटल्याच्या कामकाजाशी निगडित आहे. सुनावणी बंद दालनात घेणे, साक्षीपुराव्याच्या प्रसिद्धीस मनाई करणे, पक्षकारांची नावे गुप्त ठेवणे इत्यादींचा त्यात समावेश होतो. दुसरा प्रकार व्यक्तीशी निगडित आहे. पतीने वा पत्नीने जोडीदाराविषयी लोकांत वाईट बोलू नये, समाजमाध्यमांवर लिहू नये, वृत्तपत्रांना मुलाखत देऊ नये, असे आदेश या प्रकारात येतात. पहिल्या प्रकारात न्यायालयाचे दार बंद होते. दुसऱ्यात पक्षकाराचे तोंड. दोहोंचा हेतू पुष्कळदा एकच, म्हणजे कुटुंबाचे व विशेषतः मुलांचे रक्षण करणे, हा असला, तरी त्यांची विधिमान्यता एकाच मापाने मोजता येत नाही. न्यायालयाच्या कामकाजावर न्यायालयाचे नियंत्रण असणे स्वाभाविक आहे; परंतु आपल्या संसाराची हकिगत सांगण्याचा माणसाचा अधिकार खटल्यातून उत्पन्न झालेला नसतो.

विवाह हा खाजगी संबंध असला, तरी त्याचा विच्छेद सार्वजनिक न्यायालयात होतो. त्यामुळे येथे परस्परविरोधी हितसंबंध एकत्र येतात. खुल्या न्यायालयात आपली खाजगी हकिगत उघडी होईल या भीतीने पीडित पक्ष दावाच दाखल करणार नाही किंवा साक्षीदार पुढे येणार नाहीत, असा धोका असतो. अपत्ये तर वादाची पक्षकार नसतानाही त्याची झळ सोसतात. उलटपक्षी, न्यायदान लोकांच्या नजरेसमोर झाले नाही, तर न्यायाधीशांच्या मनमानीस आळा राहत नाही. शिवाय घरातील छळ हा घराच्या चार भिंतींआड होत असल्याने त्याविषयी बोलणे हाच पुष्कळदा पीडिताचा एकमेव आधार असतो. विविध देशांतील विधी या हितसंबंधांचा मेळ वेगवेगळ्या रीतींनी घालतात.

इंग्लंड : १८५७ पर्यंत इंग्लंडमध्ये वैवाहिक वाद चर्च-न्यायालयांच्या अधिकारितेत येत आणि पुनर्विवाहाची मुभा देणारा पूर्ण घटस्फोट संसदेच्या खाजगी अधिनियमानेच मिळू शके. १८५७ च्या वैवाहिक वाद अधिनियमाने ही अधिकारिता एका नव्या न्यायालयाकडे सोपविली व त्याचे कामकाज १८५८ मध्ये सुरू झाले. न्यायालय खुले असल्याने व्यभिचाराचा पुरावा, नोकरचाकरांच्या साक्षी व खाजगी पत्रे वृत्तपत्रांतून सविस्तर छापून येऊ लागली. व्हिक्टोरिया राणीने डिसेंबर १८५९ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॅम्बेल यांना पत्र पाठवून या वृत्तांतांना आवर घालता येईल काय, अशी पृच्छा केली. तथापि त्या वेळी कायदा झाला नाही.

या विषयावरील मूलगामी निर्णय १९१३ मध्ये ‘स्कॉट विरुद्ध स्कॉट’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. विवाह शून्य ठरवून मागणाऱ्या पत्नीच्या दाव्याची सुनावणी बंद दालनात झाली होती व तिला हुकूमनामाही मिळाला होता. पुढे पतीने आपल्याविषयी अपप्रवाद पसरविल्याचे आढळल्यावर तिने कामकाजाच्या टिपणांच्या प्रती तयार करवून आपल्या सासऱ्यांकडे, नणंदेकडे व आणखी एका व्यक्तीकडे पाठविल्या. आपल्या लौकिकाचे रक्षण करणे एवढाच त्यामागे तिचा हेतू होता. कनिष्ठ न्यायालयाने मात्र हा न्यायालयाचा अवमान ठरविला. सुनावणी बंद दालनात झाली म्हणून पक्षकाराने त्याविषयी जन्मभर मौन पाळले पाहिजे काय, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला. हाउस ऑफ लॉर्ड्सने अवमानाचा निर्णय रद्द केला. खुली सुनावणी हा नियम असून, गुप्ततेवाचून न्याय करणेच अशक्य होईल, असे दाखविले गेले तरच त्यास अपवाद करता येतो. विषय संकोचाचा किंवा अशिष्ट आहे एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही, असे लॉर्ड चॅन्सेलर हॉल्डेन यांनी प्रतिपादिले. पाल्य व मनोरुग्ण यांच्या संरक्षणाची प्रकरणे आणि व्यापारी गुपितांचे वाद हे मान्य अपवाद होत. लॉर्ड शॉ यांनी जेरेमी बेंथॅम यांच्या विचारांचा आधार घेऊन प्रकटता हीच न्यायाची राखणदार असल्याचे सांगितले आणि कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशावर कठोर टीका केली.

पहिल्या महायुद्धानंतर काही गाजलेल्या वैवाहिक खटल्यांच्या वृत्तांतांमुळे लोकमत पुन्हा प्रक्षुब्ध झाले. परिणामी १९२६ चा न्यायिक कामकाज (वृत्तांतनियमन) अधिनियम संमत झाला. घटस्फोटादी खटल्यांत पक्षकार व साक्षीदार यांची नावे, पत्ते व व्यवसाय. आरोप, बचाव व प्रत्यारोप यांचे संक्षिप्त निवेदन. विधिविषयक मुद्दे व त्यांवरील निर्णय. आणि न्यायाधीशांचा समारोप व निकाल एवढ्याच गोष्टी छापण्यास या अधिनियमाने मुभा दिली. साक्षींचा तपशील छापणे हा अपराध ठरला. मुळात त्यास चार महिन्यांपर्यंत कारावास वा पाचशे पौंडांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. परंतु ॲटर्नी जनरलच्या संमतीवाचून खटला भरता येत नसे. या अधिनियमाने मुद्रण व प्रकाशन यांवर मर्यादा घातली; पक्षकाराने आपल्या आप्तेष्टांजवळ काय बोलावे, यात त्याने हात घातला नाही.

मुलांसंबंधीच्या प्रकरणांत बंधने अधिक कडक आहेत. बंद दालनात चाललेल्या अशा कामकाजाची माहिती प्रसिद्ध करणे हा १९६० च्या न्यायप्रशासन अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार अवमान ठरू शकतो. अलीकडे या गुप्ततेविरुद्ध प्रतिक्रिया उमटली आहे. २००९ पासून अधिकृत वार्ताहरांना कुटुंब न्यायालयांत उपस्थित राहता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये लीड्स, कार्डिफ व कार्लाइल येथे वृत्तांकनाचा प्रयोग सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो इंग्लंड-वेल्समधील इतर कुटुंब न्यायालयांनाही लागू करण्यात आला. मुलांची ओळख उघड न करण्याची अट मात्र कायम आहे.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : भाषणनिर्बंधांच्या दुसऱ्या प्रकाराची सर्वांत सूक्ष्म चर्चा या देशात झाली आहे. १७९१ मध्ये अंमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्यास संरक्षण दिले आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे ते घटक राज्यांविरुद्धही लागू झाले. राज्यांची न्यायालये ही राज्यसत्तेचीच अंगे असल्यामुळे न्यायाधीशाचा मनाईहुकूमही या संरक्षणाच्या कक्षेत येतो. बोलण्यापूर्वीच बोलण्यास घातलेल्या मनाईस ‘पूर्वप्रतिबंध’ असे म्हणतात. १८ व्या शतकातील इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टोन यांनी मुद्रणस्वातंत्र्याचे सारच अशा पूर्वप्रतिबंधाच्या अभावात पाहिले होते. बोललेल्या शब्दाबद्दल नंतर शिक्षा वा नुकसानभरपाई होऊ शकते. परंतु न बोललेला शब्द समाजापर्यंत पोहोचतच नाही आणि त्याचे मोल तपासण्याची संधीही नाहीशी होते, हे त्यामागील तत्त्व होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ च्या ‘निअर विरुद्ध मिनेसोटा’ व १९७६ च्या ‘नेब्रॅस्का प्रेस असोसिएशन’ या निर्णयांत पूर्वप्रतिबंध सकृद्दर्शनी अवैध मानला आणि त्याच्या समर्थनाचा फार मोठा भार तो मागणाऱ्यावर टाकला.

असे असूनही अनेक राज्यांतील कुटुंब न्यायालये मुलाच्या ताब्याच्या आदेशातच ‘आईवडिलांपैकी कोणीही दुसऱ्याची निंदा करू नये’ असे कलम घालीत आली आहेत. अशा निंदाबंदी आदेशांमागील युक्तिवाद साधा आहे. मुलाचे हित हा ताब्याच्या प्रश्नातील सर्वोच्च निकष आहे. एका पालकाने दुसऱ्याची केलेली निंदा मुलाच्या मनाला इजा करते. म्हणून ती थांबविणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण मुलाच्या कानावर पडणारे बोलणे आणि मुलाच्या अपरोक्ष तिऱ्हाइताशी केलेले बोलणे यांतील भेद त्यात पुसला जातो. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९५ च्या एका निर्णयात नेमका हाच भेद केला. मुलांसमोर दुसऱ्या पालकाविषयी वाईट बोलण्यास मनाई करता येईल. परंतु पतीच्या नव्या पत्नीविषयी इतर प्रौढ व्यक्तींशी बोलण्यास मातेला केलेली मनाई घटनाबाह्य पूर्वप्रतिबंध ठरते, असे त्या न्यायालयाने म्हटले.

मॅसॅचुसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिलेला निर्णय या बाबतीत विशेष महत्त्वाचा मानला जातो. प्रस्तुत दांपत्याचे मूल अगदी लहान होते. उभयतांचे मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत कोणीही दुसऱ्याच्या नीतिमत्तेविषयी वा पालकत्वाविषयी समाजमाध्यमांवर निंदात्मक मजकूर लिहू नये, तसेच मूल तीन ते चौदा वर्षांचे असताना ते शंभर फुटांच्या आत असेल तर दुसऱ्याची शब्दाने, लेखनाने किंवा हावभावाने निंदा करू नये, असा तपशीलवार आदेश कनिष्ठ न्यायालयात झाला होता. मुलास मानसिक इजेपासून वाचविणे हे राज्याचे अत्यंत महत्त्वाचे हित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने गृहीत धरले. परंतु प्रस्तुत मुलास गंभीर व नजीकची इजा होणार असल्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नव्हता; मूल समाजमाध्यमांवरील मजकूर वाचण्याच्या वयाचेही नव्हते. संभाव्य इजेच्या केवळ कल्पनेवर पूर्वप्रतिबंध उभा राहू शकत नाही, असे म्हणून न्यायालयाने आदेश रद्द केला. त्याच वेळी इतर मार्ग त्याने दाखवून दिले : आईवडिलांनी स्वेच्छेने केलेला निंदाबंदीचा करार अंमलात आणता येतो, अब्रुनुकसानीबद्दल किंवा हेतुपुरस्सर दिलेल्या मनस्तापाबद्दल दावा करता येतो, छळप्रतिबंधक आदेश मागता येतो, आणि मुलासमोर दुसऱ्याची निंदा करणाऱ्या पालकाचे वर्तन ताबा ठरविताना विचारात घेता येते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या वस्तुस्थितीत वेगळा निर्णय दिला. तेथे वडिलांविरुद्धचे मातेचे आरोप ताब्याच्या खटल्यात सिद्ध झाले नव्हते व मुलाचा ताबा वडिलांकडे गेला होता. त्यानंतर माता व तिचे वकील यांनी प्रकरण वृत्तपत्रांपुढे नेले. मुलाची ओळख पटेल अशा रीतीने या प्रकरणाविषयी जाहीरपणे बोलण्यास न्यायालयाने त्यांना मनाई केली. हा निर्बंध मतावर नसून मुलाची ओळख उघड करण्याच्या रीतीवर आहे; ओळख लपवून विधिमंडळापुढे साक्ष देण्याचा मार्ग मातेस मोकळाच आहे, या कारणांनी तो वैध ठरला. निर्णय एकमताचा नव्हता. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता एक सूत्र हाती येते : आदेश जितका अरुंद, मुलाच्या प्रत्यक्ष हानीशी जितका जोडलेला व मतापेक्षा ओळखीवर जितका केंद्रित, तितका तो टिकण्याची शक्यता अधिक.

माहिती कोठून मिळविली, यालाही महत्त्व आहे. खटल्यातील प्रकटीकरणाच्या सक्तीमुळे हाती आलेली माहिती पक्षकाराने बाहेर प्रसिद्ध करू नये, असा आदेश देता येतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केले. कॅलिफोर्नियातील २०१५ च्या एका प्रकरणात पतीने पत्नीच्या दूरध्वनीतील खाजगी संदेश उतरवून घेऊन उघड केले होते. तसे करण्यास त्याला केलेली मनाई अपील न्यायालयाने कायम ठेवली. भाषणस्वातंत्र्य हे दुसऱ्याचे खाजगी संदेश पसरवून त्याचा छळ करण्याचे साधन होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता.

भारत : ब्रिटिश अमदानीतील वैवाहिक खटले सामान्यतः खुल्या न्यायालयात चालत. १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमाने बंद दालनात सुनावणी घेण्याचा अधिकार न्यायालयास दिला, पण ती सक्ती नव्हती. खुलेपणाचे सामाजिक परिणाम किती दूरगामी असू शकतात, हे मुंबईतील रखमाबाईंच्या खटल्यावरून (१८८४–८८) दिसून येते. दादाजी भिकाजी यांनी बालपणी विवाहबद्ध झालेल्या पत्नीविरुद्ध दांपत्य-अधिकारांच्या पुनःस्थापनासाठी तो दाखल केला होता. खटला चालू असताना १८८५ मध्ये रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या आशयाच्या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह व स्त्रियांची स्थिती यांविषयी पत्रे लिहिली. न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे नांदावयास जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. केसरीने रखमाबाईंवर कठोर टीका केली, तर सुधारकांनी त्यांची बाजू घेतली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. परंतु त्यातून उठलेल्या वादाने संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याची भूमी तयार होण्यास मदत झाली. अशाच दाव्याचे वृत्त छापण्यास आजचा विधी मनाई करतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या २२ व्या कलमात मुळात पक्षकाराची इच्छा असल्यास किंवा न्यायालयास योग्य वाटल्यास सुनावणी बंद दालनात घ्यावी, अशी तरतूद होती. प्रकाशनास मात्र न्यायालयाची पूर्वपरवानगी आवश्यक होती. १९७६ च्या दुरुस्तीने बंद दालनातील सुनावणी सक्तीची केली. या अधिनियमाखालील कामकाजासंबंधी कोणताही मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे आता बेकायदेशीर असून, न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने प्रसिद्ध केलेला उच्च न्यायालयाचा वा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एवढाच त्यास अपवाद आहे. उल्लंघनास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाच्या ३३ व्या कलमातही अशीच तरतूद आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमात स्वतंत्र प्रकाशनबंदी नाही. तथापि १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाचे ११ वे कलम सर्वधर्मीयांना लागू असून, एका जरी पक्षाने मागणी केली तरी त्यानुसार सुनावणी बंद दालनात घ्यावी लागते.

न्यायालयाच्या प्रकाशनबंदीमुळे संविधानाच्या १९ (१) (क) या अनुच्छेदाचा भंग होतो काय, हा प्रश्न मुंबईतील एका अब्रुनुकसानीच्या दाव्यातून निर्माण झाला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्धच्या त्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करू नये, असा तोंडी आदेश न्या. वि. म. तारकुंडे यांनी दिला होता. पत्रकारांनी त्यास आव्हान दिले. ‘नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९६६) या निर्णयात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या नेतृत्वाखाली बहुमताने असे ठरविले की, आपल्या पुढील वादाच्या निर्णयासाठी न्यायालयाने दिलेला आदेश मूलभूत अधिकाराचा भंग करणारा मानता येत नाही. त्याविरुद्धचा उपाय अपील हा होय. स्कॉट-निर्णयाचीही तेथे चर्चा झाली. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले. अमेरिकेत न्यायाधीशाचा आदेश घटनेच्या कसोटीस थेट लावला जातो, तर भारतात मिरजकर-निर्णयामुळे तो मार्ग अरुंद झाला, हा दोन्ही पद्धतींतील मुख्य फरक होय. मात्र २०१२ च्या सहारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायदानास खरा व भरीव धोका असेल तेव्हाच, आवश्यक तेवढा व अल्पकाळापुरताच वृत्तांत पुढे ढकलण्याचा आदेश द्यावा, अशी प्रमाणबद्धतेची कसोटी सांगितली.

पक्षकारांच्या वैयक्तिक बोलण्यावर भारतात निंदाबंदीची स्वतंत्र वैधानिक तरतूद नाही. व्यवहारात ही मर्यादा चार मार्गांनी येते. पहिला म्हणजे दिवाणी मनाईहुकूम. दुसरा म्हणजे बदनामीची फौजदारी तरतूद. तिसरा म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटातील तडजोडीची कलमे. एकमेकांविरुद्ध जाहीर वक्तव्य न करण्याची हमी न्यायालयास दिली असेल, तर तिचा भंग अवमान ठरू शकतो. चौथा मार्ग अप्रत्यक्ष, परंतु प्रभावी आहे : खोटे व बदनामीकारक आरोप ही मानसिक क्रूरता मानली जाऊन तीच घटस्फोटाचे कारण बनते. १९९३ व २००३ मधील निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयात दाखल केलेल्या कैफियतीतील निराधार आरोपही क्रूरतेत मोडतात, असे ठरविले. २०१३ मध्ये वृत्तपत्रांतील बदनामीकारक मजकुरासही हेच तत्त्व लावले. येथे बोलणे थांबविले जात नाही, बोलण्याचा परिणाम मात्र भोगावा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाखालील संरक्षण आदेशाने पीडित व्यक्तीशी कोणत्याही माध्यमातून संपर्क साधण्यास मनाई करता येते. हा निर्बंध मताचा नसून उपद्रवाचा आहे.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार म्हणून मान्य झाल्यावर या क्षेत्रातील तोल पुन्हा तपासावा लागत आहे. निकालपत्रे संगणकीय जाळ्यावर सहज सापडू लागल्याने पक्षकारांची नावे वगळण्याच्या मागण्या वाढल्या आहेत. १९७६ ची तरतूद झाली, तेव्हा प्रसिद्धीचे मुख्य साधन मुद्रणालय होते. आज प्रत्येक पक्षकाराच्या हाती प्रकाशनाचे साधन आहे आणि एक हजार रुपयांच्या दंडाचा धाक नाममात्र उरला आहे.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून अशा निर्बंधाची योग्यायोग्यता ठरविण्याच्या काही कसोट्या सांगता येतील. हानी गृहीत धरली आहे की पुराव्याने दाखविली आहे. बोलणे मुलाच्या कानी पडणारे आहे की प्रौढांशी केलेले. उघड होणारी माहिती स्वतःच्या अनुभवाची आहे की दुसऱ्याच्या खाजगी संग्रहातून वा न्यायालयाच्या सक्तीने मिळविलेली. आदेशाची मुदत व व्याप्ती निश्चित आहे काय. आणि नुकसानभरपाई, तडजोड वा ताब्याचा फेरविचार असे सौम्य उपाय अपुरे आहेत काय, हे प्रश्न प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत. यांखेरीज पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक व निकटचे आप्त यांच्याजवळ छळाची हकिगत सांगण्याची मोकळीक कोणत्याही आदेशात स्पष्टपणे राखली जाणे अगत्याचे आहे. शब्दशः दोघांनाही समान वाटणारी मनाई प्रत्यक्षात समान असतेच असे नाही. ज्याच्याजवळ पैसा, प्रतिष्ठा व नात्यागोत्याचे बळ आहे, त्याचे मौनाने फारसे बिघडत नाही. ज्याच्याजवळ केवळ आपली हकिगत आहे, त्याचे मात्र मौनाने सर्वस्व जाते. टिपणांच्या प्रती सासरी पाठविणाऱ्या १९१३ च्या खटल्यातील पत्नीने उपस्थित केलेला प्रश्न म्हणूनच अद्यापि जिवंत आहे. मुलाचे कान जपणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. परंतु त्यासाठी प्रौढांच्या जिभेवर सरसकट कुलूप लावण्यापूर्वी त्याची गरज पुराव्याने सिद्ध व्हावी, ही अपेक्षा वैवाहिक न्यायालाही लागू आहे.